वाचकांचे प्रश्न : रूळ संपतात तिथला धक्का

गेल्या अंकात रामेश्वर बेटाच्या टोकावरच्या धनुष्कोडीच्या पडक्या स्टेशनाचं छायाचित्र छापलं होतं. खाली दोनच ओळी होत्या : मद्रासहून निघालेली गाडी इथे थेट धक्क्यावर येऊन थांबायची, आणि उतारू समोरच्या आगबोटीतून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जायचे. त्यावर कोल्हापूर शहर, गडहिंग्लज, कागल, वारणानगर, इचलकरंजी, मलकापूर अशा ठिकठिकाणांहून पत्रं आली. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

बंदरात बोट लागते तोही धक्का आणि आमच्या स्टेशनात माल उतरतो तोही मालधक्का. शब्द एकच कसा?
(शाहूपुरी, कोल्हापूर)

काम एकच, म्हणून. वाहनाचा तळ आणि माणसाच्या पायाखालची जमीन एका पातळीत आणून द्यायची, म्हणजे पोतं वर उचलावं लागत नाही, सरळ सरकवता येतं. रेल्वेला हे सोपं. वाघिणीचा, म्हणजे मालडब्याचा तळ रुळापासून ठरलेल्या उंचीवर असतो. मालधक्का एकदा त्या उंचीचा बांधला की पुढे बघायला नको.

बंदरात एक बाजू स्थिर आणि दुसरी सतत वरखाली. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पाण्यात पाच मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे जवळजवळ दीड मजला. भरतीला बोटीतून सरळ पाऊल टाकून वर आलात, तर ओहोटीला त्याच जागी शेवाळलेल्या पायऱ्या उतरून बोट गाठावी लागते. भाऊच्या धक्क्यावर पूर्वापार पायऱ्या आहेत त्या यासाठी. मांडव्याच्या रो-रो बोटीत गाड्या चढवायच्या तर पायऱ्या चालत नाहीत. तिथे पाण्याबरोबर वरखाली होणारा तराफा आणि त्याला बिजागरीने जोडलेला उतार लागतो.

भारत आणि सिलोन यांच्यामधल्या पाल्कच्या सामुद्रधुनीत हा फरक एक मीटरही भरत नाही. धनुष्कोडीला ठरावीक उंचीचा धक्का बांधून त्यावर रूळ नेता आले, याचं मोठं कारण हेच. पुढची सगळी उत्तरं वाचताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

'मद्रास ते कोलंबो एकच तिकीट' असं जुने लोक सांगत. मधे समुद्र असताना हे चालायचं कसं? गाडीतून उतरून बोटीत बसेपर्यंत नेमकं काय व्हायचं?
(गडहिंग्लज)

तिकीट खरोखरच एक होतं. मद्रासच्या एग्मोर स्टेशनावर काढलेलं तिकीट रेल्वे, आगबोट आणि पलीकडची सिलोनची रेल्वे या तिन्हींना चालायचं. त्या गाडीचं नावच बोट मेल.

ही व्यवस्था एका दिवसात उभी राहिली नाही. १९१४ पूर्वी बोट मेल तुतिकोरीनला जायची. तिथला किनारा इतका उथळ की मोठी बोट कित्येक मैल लांब नांगरून ठेवावी लागे. उतारूंनी आधी लहान लाँचमध्ये बसायचं, खुल्या समुद्रात हेलकावे खात बोटीपर्यंत जायचं, तिथे शिडीने वर चढायचं आणि रात्रभराच्या प्रवासाने कोलंबो गाठायचं. गाडी ते लाँच, लाँच ते बोट, आणि कोलंबोला परत उतरणं. सामान प्रत्येक वेळी हातातून हातात. नारळाची करंडी आणि कपड्यांची वळकटी यात कधी अदलाबदल होईल सांगता येत नसे.

१९१४ साली तीन कामं एकत्र जुळली. मुख्य भूमी आणि रामेश्वर बेट यांना जोडणारा पांबनचा पूल २४ फेब्रुवारी १९१४ ला सुरू झाला. पांबनहून बेटाच्या अगदी टोकाला, धनुष्कोडीपर्यंत रूळ गेले. पलीकडे सिलोनच्या रेल्वेने मेदवच्चियाहून मन्नारच्या बेटावर तलैमन्नारपर्यंत फाटा आणला. मधे उरला फक्त २२ मैलांचा, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटरचा समुद्र. त्यावर साउथ इंडियन रेल्वेने स्वतःच्या टर्बाइनच्या आगबोटी घातल्या. पहिल्या तिघींची नावं कर्झन, एल्गिन आणि हार्डिंज. पुढे आयर्विन आणि गोशेन आल्या.

आता उतारूंच्या बाजूने क्रम बघा. पहिला अडथळा धक्क्यावर नव्हता, पुलाच्या अलीकडे मंडपमला होता. सिलोनच्या चहामळ्यांवर कामाला जाणारे हजारो तमिळ मजूर याच वाटेने जात. त्यांच्याबरोबर पटकी, देवी, प्लेग बेटावर येऊ नये म्हणून सिलोन सरकारने भारताच्या जमिनीवर मोठी छावणी उभारली होती. मजुरांना तिथे काही दिवस ठेवून, तपासून मगच पुढे सोडत. त्या स्टेशनाचं नाव आजही मंडपम कॅम्प आहे. वरच्या वर्गाच्या उतारूंचं काम मात्र लवकर आटपे. एकाच गाडीने निघालेल्या दोन माणसांच्या प्रवासात दिवसांचा फरक पडायचा तो इथे, आणि एका तिकिटाच्या कौतुकात ही गोष्ट बहुतेकदा गळून जाते.

मग पूल ओलांडायचा, पांबनला रामेश्वरचा फाटा डावीकडे सोडायचा आणि दोन्ही बाजूंना समुद्र असलेल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवरून धनुष्कोडी. गाडी गावातल्या स्टेशनावरून पुढे धक्क्यावर जाई. उतारू डब्यातून उतरला की समोर जकातीचं टेबल, पलीकडे बोटीची फळी. ब्रेकव्हॅनमधलं सामान हमाल परस्पर बोटीवर नेत. टांगा नाही, मुक्काम नाही, लाँच नाही. तलैमन्नारच्या धक्क्यावर सिलोनची गाडी उभीच असे. ती कोलंबोच्या फोर्ट स्टेशनात सोडायची.

बिघडायचं काय? मुख्यतः वेळ. एक गाडी, एक बोट आणि पुन्हा एक गाडी अशा तीन कड्या असल्या की पहिलीचा उशीर तिसरीपर्यंत पोचतोच, कारण बोट गाडीसाठी थांबते आणि पलीकडची गाडी बोटीसाठी. दुसरी अडचण वाळूची. त्या पट्टीवर झाड नाही, आडोसा नाही. वारा सुटला की रुळांवर वाळूचे ढीग चढत, आणि गँगमनना खोऱ्यांनी ते उपसत बसावं लागे.

गाडीचे डबेच बोटीवर चढवून नेले असते तर उतरायचं कामच पडलं नसतं. तसं का केलं नाही?
(वारणानगर)

प्रश्न अगदी योग्य आहे, कारण जगात अशा बोटी होत्या आणि आहेत. बोटीच्या डेकवर रूळ असतात. धक्क्यावरचे रूळ आणि डेकवरचे रूळ एका बिजागरीच्या पुलाने जोडतात आणि इंजिन डबे आत ढकलतं. आपल्याकडे गंगेवर मनिहारी घाट आणि सकरीगली घाट यांच्यामध्ये वाघिणी अशाच तराफ्याने पार होत.

त्यासाठी तीन गोष्टी जमाव्या लागतात. पाण्याची पातळी फार बदलता कामा नये, नाहीतर बिजागरीचा पूल उभा चढ होतो आणि डब्यांची जोडणी अडकते. बोट धक्क्याला अगदी नेमकी लागली पाहिजे, चार बोटं इकडेतिकडे झाली तरी रूळ जुळत नाहीत. आणि दोन्ही काठांवर रुळांची रुंदी एक पाहिजे.

पहिली गोष्ट पाल्कमध्ये होती. दुसरी कसोशीने साधता आली असती. घोडं पेंड खातं ते तिसरीपाशी. साउथ इंडियन रेल्वेचा हा मार्ग मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत १००० मिलिमीटर. सिलोनची रेल्वे ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. भारतातला डबा तलैमन्नारला उतरवला असता तरी चालवायचा कशावर? उतारूला डबा बदलावाच लागणार होता. मग तो बोटीवरच बदलू दे, हा विचार व्यवहाराला धरून होता असं आमचं मत आहे.

धक्का खांबांवर का उभा करतात? दगडाची भक्कम भिंत घातली तर जास्त टिकणार नाही का?
(इचलकरंजी)

भिंत टिकेल, बंदर टिकणार नाही. वाऱ्याने तिरक्या येणाऱ्या लाटा वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने सतत पुढे नेत असतात. मधे भरीव भिंत घातली की एका बाजूला वाळू साचत जाते आणि थोड्याच वर्षांत बोट लागायची जागा उथळ होते. दुसऱ्या बाजूला वाळू पोचत नाही, तिथला किनारा खचतो. खांबांवरच्या धक्क्याखालून पाणी आणि वाळू दोन्ही निघून जातात. म्हणून वाळूच्या किनाऱ्यावर खांब आणि खडकाच्या किनाऱ्यावर भिंत, असा साधा नियम.

धक्क्याची लांबी ठरते ती ओहोटीच्या पाण्यावरून. सगळ्यात कमी पाणी असतानाही बोटीच्या तळाखाली मोकळी जागा राहील इतकं लांब जायचं. म्हणून उथळ किनाऱ्यावरचे धक्के लांबलचक दिसतात.

कोल्हापूरला समुद्र नाही, पण आमचा माल कधी रेल्वेने थेट बंदराच्या धक्क्यावर जात होता का?
(मार्केट यार्ड आणि राजारामपुरी, कोल्हापूर. दोन पत्रं)

तशी वाट होती, आणि आज बहुतेकांना ती माहीत नाही.

रेल्वेच्या आधी कोल्हापूरचा समुद्र म्हणजे कोकणातली बंदरं. आंबा घाटाने रत्नागिरी, अणुस्कुऱ्याने राजापूर, फोंड्याने देवगड आणि विजयदुर्गाकडे, आंबोलीने वेंगुर्ला. वरून गूळ, तंबाखू, मिरची, कापूस उतरायचा. खालून मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी चढायची. आधी लमाणांचे बैल आणि रस्ते झाल्यावर बैलगाड्या. बंदरात पोचल्यावर पडावात, म्हणजे लहान होडीत भरून आगबोटीवर किंवा गलबतावर.

कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या पैशाने बांधलेली कोल्हापूर ते मिरज ही २९ मैलांची लाइन १८९१ साली सुरू झाली. ती मीटरगेज होती. मिरजेहून उत्तरेला पुणे आणि दक्षिणेला बेळगाव, लोंढा हा सदर्न मराठा रेल्वेचा मार्गही मीटरगेज. लोंढ्याहून कॅसलरॉक, आणि तिथून ब्रागांझा घाट उतरून कुळे, सावर्डे, मडगाव करत मुरगावचं बंदर. पोर्तुगीज हद्दीतली ही लाइन १८८८ मध्ये पुरी झाली होती, आणि तीही मीटरगेजच. म्हणजे शाहूपुरीच्या बाजूला भरून मोहोर लावलेली वाघीण मुरगावच्या धक्क्यावर जाईपर्यंत उघडायची गरज नव्हती. मुरगावला लाटा अडवणारा बांध होता, त्यामुळे वेंगुर्ल्यासारखं पावसाळ्यात बंदर बंद ठेवावं लागत नसे.

मुंबईच्या वाटेवर हे सुख नव्हतं. पुण्याला मीटरगेज संपायचं आणि जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेचं ब्रॉडगेज सुरू व्हायचं. तिथे एका फलाटाच्या दोन बाजूंना दोन गेजच्या वाघिणी उभ्या करून सगळा माल हमालांनी इकडून तिकडे न्यायचा. गुळाच्या बाबतीत याची किंमत काय पडते हे ज्याने गूळ हाताळला आहे त्याला सांगायला नको. रवा, म्हणजे गुळाची ढेप, ओला असेल तर पावसाळी हवेत पाझरतो, गोणपाटाला चिकटतो. एकावर एक रचलेले रवे काढताना खालचा रवा कापडासकट सोलून निघतो. पडलेल्या रव्याची कड फुटली की अडत्या तो वेगळा काढतो आणि भाव उतरतो. प्रत्येक अदलाबदलीत वजन थोडं घटतं, दिवस जातो आणि चोरीला वाव मिळतो.

मग सगळा कोल्हापुरी माल मुरगावला का गेला नाही? अंतर हे कारण नव्हे. पहिलं कारण सरहद्द. ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात १८७८ साली झालेल्या तहाने जकातीची अडचण दूर केली होती, रेल्वेची योजना त्याच तहावर उभी होती. तो तह १८९२ मध्ये संपला. कोल्हापूरची लाइन सुरू होऊन जेमतेम वर्ष होत होतं. त्यानंतर सरहद्दीवर दोन सरकारांची दोन तपासण्या आल्या, आणि न उघडता जाणारी वाघीण हाच जो या वाटेचा फायदा होता तो तिथे कमी झाला. दुसरं कारण घाट. कॅसलरॉक ते कुळे उतार ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर चालल्यावर एक मीटर खाली. खाली जाताना ब्रेक आणि वर येताना मागून ढकलणारं इंजिन, दोन्ही लागतं. गाडीला डबे कमी लावावे लागतात. तिसरं कारण बाजार. गुळाचं गिऱ्हाईक गुजरातेत आणि मुंबईत होतं, गोव्यात नव्हतं. व्यापारी गिऱ्हाइकाकडे जातो, मग वाटेत रवे फुटले तरी चालतील.

या लाइनींनी एक काम मात्र पक्कं केलं. घाटावरचा माल रेल्वेकडे वळला आणि वेंगुर्ला, राजापूर ही बंदरं मागे पडली. पुणे, मिरज, कोल्हापूर हा मार्ग १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला आणि पुण्याची अदलाबदल थांबली. कोल्हापूर ते वैभववाडी या मार्गाला २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात स्थान मिळालं. तो झाला तर घाटावरून कोकणाच्या किनाऱ्याकडे उतरणारी कोल्हापूरची पहिली थेट रेल्वे तो असेल. आमच्या मते त्याचा खरा उपयोग वैभववाडी स्टेशनापासून बंदरापर्यंतचा शेवटचा तुकडा कसा बांधला जातो यावर ठरेल. तिथे पुन्हा ट्रकमध्ये माल चढवायचा असेल, तर ट्रकवाला गगनबावड्याच्या घाटातून सरळच घेऊन जाईल.

जाता जाता एक आठवण करून द्यावीशी वाटते. गेज बदलताना माल हलवण्याचं काम किती मोठं असे याचा अंदाज मोकामेह घाटावरून येतो. गंगाकाठच्या त्या ठिकाणी माल ब्रॉडगेजवरून मीटरगेजवर नेण्याचं कंत्राट वीस वर्षांच्या आसपास जिम कॉर्बेट यांच्याकडे होतं. वाघांच्या शिकारीसाठी माहीत असलेले तेच.

मुंबईत आगबोटीला लागून गाडी उभी राहायची असं स्टेशन होतं का?
(कागल)

होतं, बॅलार्ड पिअर मोल स्टेशन. विलायतेची टपालबोट धक्क्याला लागली की उतारू आणि टपालाच्या थैल्या समोरच्या गाडीत चढत. ठरलेल्या टपालाच्या दिवशी पंजाबकडची गाडी इथूनच सुटून पेशावरपर्यंत जायची. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेलही बोटीच्या दिवशी इथून निघे. रूळ पोर्ट ट्रस्टच्या स्वतःच्या रेल्वेचे होते. शेजारची अलेक्झांड्रा गोदी १९१४ मध्ये सुरू झाली. ती खोदताना निघालेल्या मातीने समुद्र बुजवून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. बॅलार्ड हे पोर्ट ट्रस्टच्या पहिल्या अध्यक्षांचं नाव.

मग रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याला असं स्टेशन का नव्हतं?
(मलकापूर)

रूळच नव्हते. सह्याद्री उतरून किनाऱ्याला येणं खर्चाचं, आणि कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली ती २६ जानेवारी १९९८ ला. तीही बंदरांना टाळून आतून जाते, कारण खाड्या आत गेल्यावर अरुंद होतात आणि पूल लहान लागतात.

धक्केही फारसे नव्हते. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून नेत. पडावातून बोटीच्या शिडीवर जाण्याची एक रीत होती : लाट पडावाला वर उचलते आणि क्षणभर थांबते, त्या क्षणाला पाय टाकायचा. लाट उतरायला लागल्यावर पाय उचलला तर शिडी डोक्याच्या उंचीला जाते आणि माणूस मधे लोंबकळतो. तांडेल, म्हणजे पडावाचा म्होरक्या, ओरडून सांगेपर्यंत कुणी हलायचं नाही, हा नियम म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पाठ असे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद.

मुंबईजवळच्या फेऱ्या मात्र पावसातही चालत. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. लाट एका बाजूने आली, घाबरलेले लोक दुसऱ्या बाजूला धावले आणि बोट कलंडली, असं त्या दुर्घटनेबद्दल सांगितलं जातं. बोटीवर उभं राहायची जागा वाटून दिलेली असते त्यामागचं कारण हे आहे. आजही फेरीबोटीत खलाशी "मधे सरका" म्हणाला तर सरकावं.

पांबनचा पूल उघडायचा म्हणजे नक्की काय व्हायचं?
(वारणानगर. आणखी एक पत्र)

पुलाला चाळीस फुटी १४५ गाळे आणि मधे जहाजांसाठी २२५ फुटांचा उघडणारा गाळा. तो दोन पंखांचा. पंखाचा मागचा भाग चंद्रकोरीसारखा गोल आहे आणि तो पट्टीवरून मागे लोळतो, डोलखुर्ची मागे रेलते तशी. मागे जड वजन बसवलेलं असल्याने पंखाचा भार तोलला जातो. म्हणून शेकडो टनांचा पंख माणसं हाताने दांडे फिरवून उचलू शकत. लोळताना पंख मागेही सरकतो, त्यामुळे जहाजाला वाट जास्त मोकळी मिळते. खारा वारा लोखंड खातो म्हणून या पुलावर रंगकाम कधी संपतच नसे. वारा ताशी ५८ किलोमीटरच्या पुढे गेला की गाडी पुलावर सोडत नसत.

या जुन्या पुलावरची वाहतूक डिसेंबर २०२२ मध्ये थांबली. शेजारचा नवा पूल ६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा गाळा लिफ्टसारखा सरळ १७ मीटर वर जातो.

धनुष्कोडीचा धक्का बंद का पडला?
(चार पत्रं)

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आलं. पांबनहून निघालेली ६५३ नंबरची पॅसेंजर धनुष्कोडीजवळ आली तेव्हा सिग्नल मिळेना. ड्रायव्हरने काही वेळ थांबून, शिटी देऊन गाडी पुढे काढली. त्यानंतर समुद्राचं पाणी पट्टीवरून आडवं गेलं. गाडीतले शंभराहून जास्त लोक गेले, कुणी वाचलं नाही. गाव, स्टेशन आणि धक्का उद्ध्वस्त झाले. सरकारने ती जागा राहण्यास अयोग्य ठरवली.

वाळूची पट्टी सगळीकडे समुद्रसपाटीच्या जेमतेम वर. तिथे वादळाचं पाणी चढलं तर मागे जायला जागा नाही. बोटीच्या दृष्टीने जी जागा सगळ्यात सोयीची, पलीकडच्या काठाला सगळ्यात जवळची, तीच वादळाला सगळ्यात उघडी होती.

पांबनच्या पुलाचे १४५ पैकी १२६ गर्डर वाहून गेले, मधला उघडणारा गाळा मात्र वाचला. दुरुस्तीला सहा महिन्यांची मुदत धरली होती. रेल्वेचे अभियंते ई. श्रीधरन यांच्या हाताखाली पूल ४६ दिवसांत उभा राहिला, कारण नवे गर्डर येण्याची वाट न बघता समुद्रात पडलेले जुने गर्डर कोळ्यांच्या मदतीने शोधून वर काढले आणि पुन्हा बसवले. धनुष्कोडीची लाइन मात्र परत घातली नाही. पुढे बोट रामेश्वरहून तलैमन्नारला जाई. श्रीलंकेतल्या युद्धामुळे १९८० च्या दशकात तीही थांबली. पलीकडे तलैमन्नार पिअर स्टेशन १४ मार्च २०१५ ला पुन्हा सुरू झालं आहे. तिथे गाडी येते, बोट येत नाही. सध्याची श्रीलंकेची फेरीबोट नागपट्टिणमहून कांकेसनतुरईला जाते, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली.

कोल्हापूरहून धनुष्कोडी बघायला जायचं तर कसं?
(राजारामपुरी)

दोन वाटा. दादर ते तिरुनेलवेली ही गाडी मिरजेवरून बेळगाव, हुबळी, बंगळूर करत मदुराईला जाते. ती रोज नसते, वार बघून आरक्षण करावं. किंवा कोल्हापूरहून हरिप्रिया एक्स्प्रेसने तिरुपती आणि तिथून पुढची गाडी. मदुराईहून रामेश्वर गाडीने किंवा बसने एका दिवसात होतं. नव्या पुलावरून जायचं असेल तर दिवसा पोचणारी गाडी निवडा आणि खिडकीची जागा घ्या.

रामेश्वरहून धनुष्कोडी वीस किलोमीटरच्या आत. टोकापर्यंत डांबरी रस्ता झाला आहे. पडकं चर्च, स्टेशनाच्या भिंती आणि पाण्याची टाकी रस्त्याच्या कडेलाच आहेत. सकाळी आठच्या आत पोचावं, कारण दहानंतर वाळू तापते आणि सावली कुठेही नाही. पाणी बरोबर न्या. अंधार पडायच्या आधीच पोलीस सगळ्यांना परत फिरवतात. टोकाला दोन समुद्र मिळतात तिथे ओढ फार आहे, गुडघ्याच्या वर पाण्यात उतरू नका. स्टेशनाच्या भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आहेत आणि हात लावला तरी भुगा पडतो, तेव्हा त्यांना टेकून फोटो काढू नका.